टाचेचा ठोका

१

आता तुम्हीच सांगा, भरवसा ठेवायचा कुणावर? ‘मी जागा आहे, तुम्ही निवांत झोपा’ म्हणणाऱ्यावर, की ‘शेठ, मला झोप येते’ असं तोंडावर कबूल करणाऱ्यावर? उत्तराची घाई करू नका. मसोलीच्या जिग्नेश शेठने या प्रश्नाचं उत्तर फार लवकर दिलं होतं, आणि तो काही बुद्दू माणूस नव्हे.

जिग्नेशचा चिकूचा धंदा. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं सगळं पेट्यांनी शिकवलं. चिकूच्या पेटीत हात घातला की तो वरचा थर बघत नसे, बोटं थेट खालच्या थराला. माणसांचंही तसंच. हसून बोलायचा, चहा पाजायचा आणि बोटं खालच्या थराला.

त्याचा माल घेऊन एक ट्रक सुरतेकडे जात असे. ड्रायव्हर लाहू. रात्री शेठ फोन करी, लाहू म्हणे, “गाडी चालूच हाय शेठ,” आणि मागून इंजिनाची घरघर ऐकू येई. शेठ खूश. मग एका रात्री शेठ दुसऱ्याच कामाने गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडला गेला, तर नाक्याच्या अलीकडे धाब्यावर आपला ट्रक उभा, इंजिन चालू, आणि शेजारच्या खाटेवर लाहू गाढ झोपलेला, फोन इंजिनाकडे तोंड करून उशाशी ठेवलेला. शेठने त्याला उठवलं, शिव्या घातल्या, मग दोघांनी मिळून चहा घेतला. पण घरी येताना त्याच्या मनात राग नव्हता, कौतुक होतं. आवाज असला की माणूस असल्यासारखाच, एवढं ज्ञान त्या रात्री फुकटात मिळालं, असं तो नंतर सांगत असे.

अशा माणसाला पन्नाशीत शिडाच्या होडीचा नाद लागला. अलिबागकडच्या एका निवृत्त डॉक्टरांची छोटी यॉट त्याने घासाघीस करून घेतली, मोबाईलवर व्हिडिओ बघून चालवायला शिकला आणि बायकोचं नाव तिला दिलं. भाविनीबेन म्हणाली, “नाव द्यायच्या आधी विचारायचं तरी. उद्या बुडाली तर लोक म्हणतील भाविनी बुडाली.”

या होडीच्या मागच्या टोकाला एक यंत्र होतं. ना वीज, ना बॅटरी. वर प्लायवूडचं एक उभं पातं, खाली दोऱ्या. वारा पात्याला ढकलायचा, पातं दोऱ्या ओढायचं आणि दोऱ्या सुकाणूचा दांडा हलवायच्या. एकदा दिशा धरून साखळीची कडी दांड्यावर अडकवली की होडी वाऱ्याशी तोच कोन धरून आपली आपण चालत राही. जिग्नेशने त्याचं नाव ठेवलं मुनीम. म्हणायचा, “जगातला पहिला मुनीम, जो पगार मागत नाही, झोपत नाही आणि साल्याला लग्नाची सुट्टी लागत नाही.”

२

मुनिमाची परीक्षा घ्यायची तर रात्रभराची सफर हवी. दीवपर्यंत जाऊन यायचं ठरलं. सोबतीला रामू.

रामू डहाणूचा, बापजाद्यांपासून होडीवरचा माणूस. गुडघ्याने दगा दिला म्हणून त्याने तीन वर्षांपूर्वी मासेमारी सोडली होती. बायको पुतळी बाजारात सुकट-बोंबील विकायची, तो तिची टोपली उचलून द्यायचा आणि दिवसभर खाडीकडे बघत बसायचा. शेठने विचारलं तेव्हा त्याने हो म्हणायला वेळ लावला नाही. वेळ लावला पुतळीने.

“किती दिवस?” तिने विचारलं.

“आज संध्याकाळच्या भरतीला निघू. दीवला एक मुक्काम, तेरवा परत,” जिग्नेश म्हणाला.

“त्या खेळण्यातून?”

“पुतळीबाई, खेळणं नाही ते. स्वतः चालतं.”

“सोता चालतं तर याला कशाला नेताय?”

जिग्नेश हसला. बाजारातल्या दोघी-तिघी हसल्या. पुतळी हसली नाही. तिने बोंबलांवरच्या माश्या हाकलल्या आणि म्हणाली, “हे बघा शेठ. चिकू तुम्ही कच्चा नेता, पिकून परत येतो, चालतं. माझा माणूस नेताय तसाच आणून द्यायचा. मला बदललेला नको.”

“वजन करून घेऊन जातो,” जिग्नेश म्हणाला. “वजन करून परत देतो. शब्द.”

धंद्यात त्याने दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता. पुतळीलाही ते माहीत होतं, म्हणून तर तिने तो मागून घेतला.

संध्याकाळच्या भरतीला ते खाडीतून निघाले. वारा उत्तरेकडचा, थंड, सरळ. किनारा मागे पडला, घरं गेली, सुरूची झाडं गेली, शेवटी विजेच्या कारखान्याची तेवढी उंच चिमणी दिव्यांसह उरली. जिग्नेशने कडी दांड्यावर अडकवली, हात झटकले आणि म्हणाला, “मुनीम, गल्ला सांभाळ.”

दांडा हलला. थोडा इकडे, थोडा तिकडे. होडीने दिशा धरली. रामू दांड्याकडे बघत राहिला, कुणी आपल्या ताटातलं उचलून खातोय तसा.

“काय रामूभाऊ, कसा आहे आमचा मुनीम?”

“हात चांगला हाय,” रामू म्हणाला. “टाच नाय.”

मग त्याने सांगितलं. त्याच्या बापाच्या होडीवर एक रीत होती. रात्री बाकीचे फळ्यांखाली झोपत आणि एक जण सुकाणूवर बसे. बसणाऱ्याने थोड्या-थोड्या वेळाने टाचेने फळीवर दोन ठोके द्यायचे. म्हणजे खालच्यांना झोपेतही कळायचं, वर माणूस आहे. खालचा कुणी अर्धवट जागा असला तर तो बोटाच्या पेराने फळीवर एक ठोका परत द्यायचा. बोलणं नाही, हाक नाही. आणि बारी बदलायची वेळ झाली की वरचा टाच घासत ओढायचा. ते ऐकून ज्याची बारी असेल त्याने उठायचं.

“आणि ठोका आलाच नाही तर?”

“तर सगळे उठतात,” रामू म्हणाला. “ठोका चालू असला की मेल्यासारखी झोप लागते. बंद झाला की पोर पण उठून बसतो.”

३

जेवण झालं. भाविनीबेनच्या थेपल्यांचा डबा रिकामा झाला. रामूची जागा मागच्या बैठकीच्या बरोबर खाली, एका अरुंद फळीवर. वर कुणी पाय ठेवला तर त्याच्या कानाशीच आवाज होई. जिग्नेशची जागा पुढे, नाळेकडे. पहिली बारी जिग्नेशची होती. त्याने मनातल्या मनात ती केव्हाच मुनिमाला देऊन टाकली होती. अधूनमधून वर डोकावून एखादं जहाज वगैरे दिसतंय का ते बघायचं, बाकी झोपायचं. मोबाईलवरचे गोरे लोकही तसंच करत. खरी चाचणी तीच.

पण रामू झोपेना. कूस बदले, खोके, परत वर येऊन तोंड काढे.

“शेठ, ठोका द्या ना.”

“अरे भाई, मी इथेच बसलोय.”

“दिसताय. पण खाली गेलो की दिसत नाय.”

जिग्नेशने दोन-चारदा टाच आपटली. रामू झोपायला लागे. जिग्नेश थांबला की तो परत जागा. असं चाललं तर उद्या दोघंही दमून पडतील आणि चाचणी राहील बाजूला. शेठचं डोकं चालू झालं. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात थेपल्यांसोबत चुकून आलेलं एक लाटणं होतं. त्याने ते दोरीने दांड्याला असं टांगलं की दांडा हलला की लाटणं बैठकीच्या तळावर आपटावं. ठक. थोड्या वेळाने ठक. लाटांच्या लयीवर. एकदम माणसासारखं नव्हे, पण झोपाळलेल्या माणसासारखं नक्कीच.

तो हळूच खाली आला तेव्हा रामू कुशीवर वळला होता, तोंड फळीकडे. डोळे मिटूनच पुटपुटला, “बसलाय ना?”

“बसलोय,” जिग्नेश म्हणाला.

हे तो खाली, रामूपासून हातभर अंतरावर उभा राहून म्हणाला. रामूच्या ध्यानात आलं नाही. काही वेळात तो घोरायला लागला. जिग्नेशने पायऱ्यांवरचं सरकतं झाकण बोटभर फट ठेवून ओढून घेतलं आणि पुढच्या फळीवर आडवा झाला. अंधारात त्याला हसू येत होतं. लाहूला उद्या एक फोन करायचा, त्याने ठरवलं.

४

कुठल्याशा आवाजाने नाही, तर आवाज नीट झाल्यामुळे त्याला जाग आली.

ठक-ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक-ठक.

लाटणं असं वाजत नव्हतं. लाटणं एकेकटं वाजत होतं, कधी जोरात, कधी घासून. हे दोन-दोनच होते आणि सारख्या वजनाचे. त्याने पडल्या-पडल्या विचार केला, लाट बदलली असेल. लांब लाट आली की दांडा एकदा जातो, एकदा येतो, दोन ठोके. बरोबर. हिशेब लागला म्हणून त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात मागून, रामूच्या बाजूने एक हलका ठोका आला. झोपेतच, बोटाच्या पेराने. टक.

वरून लगेच उत्तर आलं. ठक-ठक.

जिग्नेशने श्वास धरला. योगायोग, तो स्वतःला म्हणाला. दुकानात रोज शंभर योगायोग होतात. रामूने परत झोपेत टक केलं. वरून ठक-ठक. या वेळी जरा मऊ, झोपणाऱ्याला थोपटावं तसं.

त्याने पाय खाली सोडले. उठून बघायचं, लाटण्याची दोरी आखूड करायची, विषय संपला. पायाला काहीतरी गोल लागलं आणि घरंगळलं. वाकून त्याने चाचपलं. लाकूड. दोन्ही टोकांना निमुळतं. एका टोकाला दोरीची गाठ होती, त्याने स्वतः मारलेली, आणि दोरी गुंडाळून तिचं टोक नीट आत खोचलेलं होतं.

वर, होडीच्या मागच्या भागात, ठक-ठक झालं.

लाटणं हातात घेऊन तो बसून राहिला. दोरी सुटली, लाटणं फटीतून आत पडलं, घरंगळत पुढे आलं. हे होऊ शकतं. फट बोटभर होती आणि लाटणं मनगटाएवढं जाड, हा विचार त्याने बाजूला ठेवला. दोरी कुणी गुंडाळली, हाही बाजूला ठेवला. बाजूला ठेवायच्या गोष्टींचा ढीग व्हायला लागला तसं त्याच्या लक्षात आलं, की होडी फार सुरेख चालली आहे. मुनीम वळवळत चालवायचा, जरा उजवीकडे, जरा डावीकडे. आता वळवळ नव्हती. प्रत्येक लाट येण्याआधीच होडी तिला वाट करून देत होती. ते वाऱ्याच्या पात्याचं काम नव्हतं. पात्याला लाट दिसत नाही.

५

मग टाच घासत ओढल्याचा आवाज आला.

लांब, सावकाश, लाकडावर कोरडी कातडी ओढावी तसा. रामू ताडकन उठून बसला. झोपेतून उठलेल्या माणसाची कुरकुर नाही, काही नाही. त्याने गुडघ्यावर हात दाबला, टोपी चढवली आणि पायऱ्यांकडे निघाला.

“आलो शेठ, आलो,” तो वरच्या दिशेने म्हणाला. “लई लवकर दमलात.”

“रामू,” जिग्नेश त्याच्या मागून म्हणाला.

रामू वळला. केबिनमध्ये लाल रंगाचा छोटा दिवा होता, तेवढ्यात दोघांनी एकमेकांना पाहिलं. रामूची नजर शेठच्या तोंडावरून लाटण्यावर गेली, लाटण्यावरून दोरीवर. तो शिकलेला नसेल, पण दोरी कशाला बांधली होती ते समजायला त्याला शिकावं लागलं नाही.

“तुम्ही इथं कवापासून?”

“तू झोपलास तेव्हापासून.”

“आणि ठोका?”

जिग्नेशने लाटणं जरा वर धरलं, मग खाली केलं.

टाच परत घासली गेली. जरा लांब. वाट बघणाऱ्याची.

“बारी मागतोय,” रामू म्हणाला.

“कोण?”

“कोन ते मी कशाला विचारू? तुम्ही जागा रिकामी ठेवून ठोका चालू ठेवलात. कोनाला तरी वाटलं, बसायचं हाय. बसला बिचारा. आता दमलाय.” त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. “मी जातो वर. तो येईल खाली.”

“खाली? इथे?”

“बारी बदलते तेव्हा असंच असतं ना शेठ. एक वर, एक खाली.”

जिग्नेशच्या डोळ्यांसमोर पुतळी आली, माश्या हाकलणारी. मला बदललेला नको. धंद्यात शब्द पाळण्यासाठी त्याने कधी कधी तोटा खाल्ला होता, पण तो पैशातला तोटा. तो मोजता येतो, पुढच्या हंगामात भरून निघतो. त्याने रामूचा दंड धरला आणि त्याला पायरीवरून खाली घेतलं.

“पहिली बारी माझी होती,” तो म्हणाला. “मी बसलोच नाही. मी जातो.”

रामूने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, “चढताना नजर खाली ठेवा. दमून उतरणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाय कोन. बरं दिसत नाय ते.”

पायरीवर उभं राहिलं की बैठकीचा तळ माणसाच्या छातीपाशी येतो. जिग्नेशने झाकण सरकवलं. थंड हवा तोंडावर आली. नजर खालीच होती, आणि म्हणूनच त्याला जे दिसलं ते दिसलं. तळावर दव पडलेलं. साखळीची कडी दांड्यावरून काढून बाजूला ठेवलेली. आणि दांड्याखाली, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, एक टाच. म्हाताऱ्या माणसाची, भेगाळलेली, भेगांमध्ये मीठ साचून पांढऱ्या रेषा झालेल्या. ती उचलली गेली आणि खाली आली.

ठक-ठक.

मग ती दव पुसत बाजूला झाली. जिग्नेशने डोळे मिटले आणि वर चढला. पायऱ्या अरुंद आहेत. दोन माणसं एकमेकांना घासल्याशिवाय जात नाहीत. त्याच्या खांद्याला काहीतरी ओलं, जड आणि अगदी बेताचं गरम घासून खाली गेलं. त्याच्या मागे झाकण ओढलं गेलं.

६

दांडा हातात आला तेव्हा लाकूड कोमट होतं.

पहिलं काम त्याने केलं ते होडी फिरवण्याचं. दीव गेलं खड्ड्यात. शीड कसं घेतलं, दोऱ्या कशा सोडल्या, नंतर त्याला आठवेना, पण होडीचं नाक डहाणूकडे वळलं. मग त्याने “रामू” म्हणून हाक मारली. आतून उत्तर नाही. एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने झाकण सरकवायचा प्रयत्न केला. सरकेना. आतून कडी लागली होती. थंडीत लोक लावतात तशी. मुनिमाची कडी न अडकवता दांडा सोडावा, तर होडी आडवी जायची. आणि ती कडी परत अडकवायला त्याचा हात धजेना.

तेव्हा त्याला सुचली ती एकच गोष्ट. त्याने चप्पल काढली आणि टाचेने तळावर दोन ठोके दिले.

खालून, त्याच्या पायाखालून, टक आलं. रामू. त्याचा जीव भांड्यात पडतोय तोच होडीच्या पुढच्या भागातून, त्याच्या स्वतःच्या फळीवरून, आणखी एक आला. टक.

बरं. दोघं आहेत. एक इथे, एक तिथे. मधे भिंत नाही, पण अंतर आहे. जोवर दोन उत्तरं येतात तोवर रामू आहे आणि आपल्या जागी आहे. जिग्नेशने आयुष्यात बऱ्याच जणांची उत्तरं मोजून घेतली होती. एवढ्या काळजीने कधीच नाही. ठक-ठक. टक, टक. चांदण्या सरकत होत्या. दव त्याच्या पाठीवर जमत होतं. झोप आली की तो गाल चावायचा. दांड्याला परत लाटण्यासारखं काहीतरी बांधावं का, असा विचार एकदा आला आणि आला तसा त्याने तो थुंकून टाकला. ठक-ठक. टक, टक. कुणीही फसवत नव्हतं. हे समजल्यावर, खोटं कशाला सांगा, त्याला थोडं बरंही वाटलं. तीन जणांची होडी, तिघंही आपापल्या जागी. लोकांच्या पेढ्यांवरही इतकी शिस्त नसते.

पूर्वेला फिकट झालं. क्षितिजावर चिमणीचे दिवे दिसले. त्याने आनंदाने टाच आपटली.

टक. पुढून.

पायाखालून काही नाही.

त्याने परत दोन ठोके दिले. पुढून टक. पायाखाली शांत. त्याने जोरात आपटली, टाच सोलेस्तोवर. पुढून टक, टक, टक, घाईघाईने, तो जणू मदत करतोय. जिग्नेश ओरडायला तोंड उघडणार तोच कडी वाजली, झाकण सरकलं आणि रामूचं टोपी घातलेलं डोकं वर आलं, डोळे सुजलेले, गालावर गोधडीचा वळ.

“काय आपटताय?” तो जांभई देत म्हणाला. “तीन वर्षांत असा झोपलो नाय मी. मेल्यासारखा.”

जिग्नेशने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुडघा धरून पायरी चढणं तेच. जांभईला शेवटी येणारी शिट्टी तीच.

“कडी कोणी लावली?”

“मीच. वारा येत होता.”

“आणि तो?”

“झोपलाय,” रामू आवाज उतरवून म्हणाला. “थंडीनं कुडकुडत होता. मी माझी गोधडी घातली त्याच्यावर. हळू बोला.”

७

खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. भरतीला त्याच्यामधून एक अरुंद वाट मिळते, तीसुद्धा दर मोसमात जागा बदलते. त्या वाटेने आत शिरताना दांड्यावर पक्का हात लागतो. रामूने दांडा घेतला, जिग्नेश पुढे जाऊन शीड उतरवू लागला. ऐन वेळी शिडाची दोरी वर अडकली. ओढली तर येईना. वारा भरलेलं शीड होडीला सरळ वाळूकडे नेत होतं.

“रामू, ये, एकट्याने नाही होत.”

रामू आला. दोघांनी लटकून दोरी ओढली, शीड फडफडत खाली आलं, त्यांच्या अंगावर पडलं. त्यातून डोकी बाहेर काढली तेव्हा डाव्या हाताला लाटा फुटत होत्या, उजव्या हाताला लाटा फुटत होत्या आणि मधल्या काळ्या पाण्यातून होडी उरल्या वेगावर, सुईत दोरा ओवावा तशी, आत चालली होती.

दोघांचे हात शिडात होते. दोघंही नाळेवर होते.

मागे टाचेचे दोन ठोके पडले.

जिग्नेश मान वळवणार होता. रामूने त्याचा दंड दाबला, नुसता दाबला. मग दोघं समोर बघत राहिले. समोर डहाणूचा धक्का होता, सकाळचं ऊन होतं, जाळी वाळत टाकणाऱ्या बायका होत्या. होडीने एक वळण घेतलं, मग दुसरं, जिथे या मोसमात वाट वळते तिथेच. रामूने वाकून फळीवर पेराने एक ठोका दिला, टक, कुणाला ‘पोचलो बघ’ म्हणावं तसा.

धक्क्यावर पुतळी उभी होती. दीवहून परवा येणारी होडी आज सकाळी दिसली तेव्हा तिने काय समजायचं ते समजून घेतलं होतं आणि टपरीवरून चहा आणला होता. रामू उतरला तसं तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं, दात बघितले, कान बघितले, बैल बघतात तसं. बाजूचे लोक हसले.

“तोच हाय,” ती म्हणाली. मग जिग्नेशला म्हणाली, “तुमचं तोंड मात्र उतरलंय शेठ. शब्दाचे पक्के निघालात. घ्या चहा.”

तिने टोपलीच्या कडेवर पेले मांडले. तीन.

“तू घे की तुझा,” जिग्नेश म्हणाला.

“मी घेतला. हे तुमचे.” तिने होडीकडे मान उडवली. “तो म्हातारा का नाय उतरत? तुम्ही दोघं पुढं शिडाशी लोंबकळत होता आणि आणली बिचाऱ्याने एकट्यानं होडी आत. कुठला हाय तो? आपल्या इथला नाय वाटला.”

ओहोटी लागली होती. होडी चिखलात टेकायला लागली होती, जरा कलली होती. तिच्या मागच्या भागातून टाच घासत ओढल्याचा आवाज आला. रामूचा पाय आपसूक पाण्याच्या दिशेने उचलला गेला. पुतळीने त्याचा सदरा धरला. तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण तिने तो दोन्ही मुठींत धरला.

“याला घरी ने,” जिग्नेश म्हणाला. “बारी माझी आहे.”

त्याने चप्पल धक्क्यावर काढली, तिसरा पेला उचलला, नजर खाली घातली आणि चिखलातून होडीकडे चालू लागला.

८

जिग्नेश शेठचं उत्तम चाललंय, हे आधी सांगतो. यंदा चिकूला भाव बरा आहे. रामूचा गुडघा तसाच आहे, माणूसही तसाच आहे. पुतळी महिन्यातून एकदा तरी त्याला उजेडात धरून बघते. वाऱ्याचं पातं शेठने भंगारात दिलं. होडी मात्र खाडीत आहे. भरतीला तरंगते, ओहोटीला चिखलात बसते. मुंबईचे दोघं-तिघं घ्यायला येऊन गेले, भाव चांगला देत होते. शेठ प्रत्येकाला चहा पाजतो, होडी दाखवतो, आणि व्यवहार तुटेल असं एकच वाक्य बोलतो: “माणसासकट घ्यावी लागेल.”

संध्याकाळी दुकान बंद झालं की तो खाडीवर जातो. नजर खाली घालून चढतो. मग दिवेलागण होईपर्यंत दांड्याजवळ बसतो, चिखलात रुतलेल्या होडीचं सुकाणू धरून, आणि अधूनमधून टाच आपटतो. आत पुढच्या फळीवर नवी गोधडी आहे. तेवढी झोप म्हाताऱ्याला मिळायलाच हवी, शेठ म्हणतो, बाकी वेळ तोच बसलेला असतो. भाविनीबेन विचारते तेव्हा तो म्हणतो, माणूस कामाचा आहे, मी त्याला ठेवला नाही हे खरं, पण कामाला मीच लावला.

तुम्हीही कधीतरी कुठेतरी कुणाच्या तरी जिवावर झोपला असाल. म्हणून एवढी एक विनंती. रात्रीचा हिशेब मांडाल तेव्हा खरा मांडा. कोण जागलं, किती जागलं, सगळ्यांची बारी लिहा. ज्याला तुम्ही बोलावलं नव्हतं, त्याचीसुद्धा.